नऊ नंबरच्या खोलीतला बिनपायाचा

खुर्शीदा : थांब. चहा पी आधी. आणि मग तेच परत सांग, पण या वेळी लाज ठेवून सांग. तू माझ्या भिंती धुतल्यास. बरोबर?

जीवन : धुतल्या नाय मॅडम. साफ केल्या.

खुर्शीदा : फरक काय?

जीवन : फरक म्हणजे... भिंती हायेत तशाच हायेत. फक्त तुम्ही रंगवलेलं ऊन काढलं. आणि सावल्या काढल्या.

खुर्शीदा : मग भिंतीवर उरलं काय? चुना?

जीवन : मॅडम, ऐका ना. तुमचा 'काळी सराई' गेम आला दोन हजार सातला. तेव्हाच्या कॉम्प्युटरला ऊन पाडता येत नव्हतं.

खुर्शीदा : मला सांगतोस? सातपूरला एका शेडमध्ये बसून सराईच्या चौतीस खोल्या रंगवल्यात मी. खिडकी इथं आहे, मग ऊन तिथं पडेल, मग भिंतीचा हा कोपरा पिवळा, तो कोपरा काळा. सगळं डोक्यात मोजायचं आणि भिंतीच्या चित्रातच रंगवायचं. माउस बंद पडला की मालक म्हणायचा, बोटानं रंगव.

जीवन : तेच म्हणतोय. आता ते कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड मोजतं. माझ्या मॉडमध्ये, म्हणजे मी घरी बदललेल्या प्रतीत, गेम तोच हाय, वरून फक्त खरा उजेड चढवलाय. रे ट्रेसिंग. आपण नुसता सूर्य टांगायचा, कंदील ठेवायचा. मग एकेक किरण कुठं निघाला, कशाला आपटला, तिथून कुठं उडाला, ते सगळं कार्ड बघतं. सावली आपली आपण पडते. आता तुमची रंगवलेली सावली तशीच ठेवली तर एका खांबाला दोन सावल्या. एक तुमची, एक सूर्याची.

खुर्शीदा : मग सूर्याची काढायची.

जीवन : मॅडम.

खुर्शीदा : काय मॅडम? मॅडम तुझ्या कॉलेजात. इथं नाशकाच्या वडाळ्यात सगळे आपा म्हणतात. भरतकामाच्या मशीनवर नक्षी चढवते मी, पंधरा वर्षं झाली. त्या कंपनीनंतर गेमचं नाव काढलं नाही. तुला माझा पत्ता कुणी दिला?

जीवन : शुभांगीताईंनी. त्या तुमच्या शेजारच्या टेबलावर बसायच्या म्हणे. आता पंचवटीत क्लास घेतात.

खुर्शीदा : शुभांगी आता बोलते का? ऑफिसात तर वर्षभर तोंड उघडलं नव्हतं.

जीवन : तासभर बोलल्या. त्यातला पाऊण तास मालकाला शिव्या.

खुर्शीदा : मग तीच आहे. आणि ही गुलाबं कसली?

जीवन : आईनं दिलीत. मखमलाबादला आमचं पॉलिहाऊस हाय. आई म्हणाली, कुणाच्या घरी पहिल्यांदा चाललास, हात हलवत जाऊ नको. आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झालाय मी आज घरात नाय म्हणून. माझा पीसी फुलांच्या थंड खोलीत असतो ना.

खुर्शीदा : फुलांच्या खोलीत?

जीवन : रे ट्रेसिंगनं कार्ड लय तापतं. आमच्या घरात थंड जागा तेवढीच एक. पण मग आई ओरडते, तुझ्या डबड्यानं माझ्या कळ्या उमलल्या. मागच्या आठवड्यात अख्खा लॉट मार्केटला जायच्या आधीच फुलला.

खुर्शीदा : म्हणजे माझ्या भिंती धुण्यात तुझ्या आईची गुलाबं पण गेली. बरं झालं. आता मुद्द्यावर ये. भिंती धुवायला कुणी परवानगी मागत नाही. तू कशाला आलास?

जीवन : नऊ नंबरच्या खोलीसाठी. त्या खोलीत भिंतीवर एका माणसाची सावली हाय. बसलेला हाय. खोलीत मात्र कुणीच नाय.

खुर्शीदा : माहीत आहे मला खोलीत कुणी नाही ते.

जीवन : आपा, तुम्हाला कल्पना हाय का, ती सावली किती फेमस हाय? अठरा वर्षं लोक भांडतायत तिच्यावर. जगभर. त्याला पाय नायेत ना. कमरेपासून वर माणूस, खाली काहीच नाय. पोलंडमधल्या एकानं चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केलाय, 'बिनपायाचं भूत कोण?' एक म्हणतो सराईच्या मालकाचा मुडदा. एक म्हणतो रेल्वेखाली गेलेला शिपाई. आणि फाइलचं नाव बघून तर लोक येडे झाले. चार अक्षरं. एबीबीए. एकानं शोध लावला की वाळवंटातल्या कुठल्या जुन्या राक्षसाचं नाव हाय ते.

खुर्शीदा : राक्षस.

जीवन : मी बघितलं आणि म्हटलं, राक्षस कसला, हे कुणाचे तरी अब्बा हायेत. आमच्या नाशकातलंच कुणीतरी हाय हे. तिथनं शोधत शोधत शुभांगीताई, तिथनं तुम्ही.

निजाम : कोण राक्षस?

खुर्शीदा : कुणी नाही अब्बा. तुम्ही आत पडा. गिऱ्हाईक आहे.

निजाम : गिऱ्हाईक फुलं घेऊन येत नाय. कुणी वारलं का?

जीवन : नाय नाय चाचा. नमस्कार. मी जीवन, मखमलाबादचा. आपांकडे जरा गेमचं काम होतं.

निजाम : कसलं काम?

खुर्शीदा : कॉम्प्युटरचं.

निजाम : मग बस बाबा. हिनं पहिले लाईट बिलं टाइप केली, सातपूरच्या हापिसात. लय फास्ट. येवल्यात सगळ्यांना सांगायचो मी, वीज बोर्डाचा अर्धा कारभार माझी पोरगी बघते.

जीवन : लाईट बिलं?

खुर्शीदा : तू चहा पी.

जीवन : नाय, पण आपा तर तिथं सराईच्या...

खुर्शीदा : जीवन. चहा.

निजाम : बोलू दे त्याला. कसली सराई?

खुर्शीदा : ठीक आहे. ठीक आहे अब्बा, आता वय झालं माझं, मारणार थोडेच आहात. मी बिलं टाइप करत नव्हते. परदेशातल्या एका कंपनीचा व्हिडिओ गेम होता. त्यातल्या भिंती रंगवत होते.

निजाम : गेम म्हणजे ते बंदुकीचं? पोरं शाळा बुडवून खेळतात ते?

खुर्शीदा : तेच. म्हणूनच सांगितलं नाही. तुम्ही कुणाकुणाला काय सांगत फिरत होतात ते माहीत होतं मला. वीज बोर्ड म्हणे. आता काय सांगू, परदेशी पोरं ज्या भिंतीवर गोळ्या झाडतात ती भिंत मी रंगवते? कॉम्प्युटरवर, महिनाभर, एकेक वीट? बोला आता. शिव्या द्या.

निजाम : बिलं टाइप करणारी पोरगी रविवारी दुपारी चारला कॅमेरा घेऊन येवल्याला येत नाय. आणि बापाला म्हणत नाय, अब्बा, अर्धा तास हालू नका.

खुर्शीदा : तुम्हाला आठवतं ते?

निजाम : मागावर बसलेला माणूस अर्धा तास हालत नाय, हे पहिल्यांदाच झालं असंल येवल्यात. गल्लीतली पोरं बघायला आली होती, चाचाला काय झालं म्हणून. मी म्हटलं, पोरीला कसला तरी फोटो पायजे. बिलाला भिंतीचा फोटो कशाला लागतो, ते मी काय विचारलं नाय. तू सांगितलं नाय, मी विचारलं नाय.

जीवन : एक मिनिट. एक मिनिट हां. मागावर म्हणजे? हातमाग?

निजाम : मग काय विमान?

जीवन : म्हणजे ते भूत विणकर हाय? मग त्याला पाय का नायेत?

निजाम : पाय खड्ड्यात.

जीवन : खड्ड्यात?

निजाम : बाबा, आमचा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा, त्यात पावड्या. माणूस काठावर बसतो, पाय आत सोडतो, पायानं पावडी दाबतो, हातानं आडव्या धाग्याचा धोटा फेकतो. बाहेरून बघशील तर अर्धाच माणूस. पाय जमिनीच्या खाली कामाला.

जीवन : अरे देवा. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. शिपाई काय, रेल्वे काय. आणि पाय खड्ड्यात.

खुर्शीदा : हसू नकोस. अठरा वर्षं जगातल्या एका माणसाला कळलं नाही की समोर काम करणारा माणूस बसलाय. भूत दिसलं, मुडदा दिसला, राक्षस दिसला. कामगार कुणाला दिसला नाही.

जीवन : आपा, मला पण नाय दिसला. मी तर... जाऊ द्या.

खुर्शीदा : काय केलंस?

जीवन : सावली पुसली होती ना मी. तर लोक पेटले. भूत परत आण, भूत परत आण. पण नुसती रंगवून नाय आणता येत. खऱ्या उजेडाचा नियम हाय, सावलीला मालक पायजे. माणूस ठेवला तरच सावली. म्हणून मी एक माणूस बनवून बसवला तिथं. आणि मला वाटलं, पाय रंगवायचे तुमच्याकडनं राहून गेले असतील. म्हणून मी पाय लावले. खुर्ची पण दिली.

खुर्शीदा : दाखव.

जीवन : नको.

खुर्शीदा : मोबाईल दे इकडे. ... या अल्ला. अब्बा, बघा तुम्ही. तहसील कचेरीतला कारकून. डबा खाऊन बसलाय.

निजाम : मला कुठं दिसतंय एवढं बारीक. मोतीबिंदू हाय. पण खुर्चीवर बसून विणतो का कुणी?

जीवन : चुकलो चाचा.

खुर्शीदा : चुकलास ते ठीक. कळत नव्हतं तर आधी फोन केला असतास. पण पुसून टाकल्यावर विचारायला आलास तू. मालकानं तेच केलं होतं. गेमच्या शेवटी नावं येतात, बघितलीस? चित्रं, म्हणून त्याच्या भाच्याचं नाव. भाचा दिवसभर दारात गाडी पुसायचा. आणि आम्ही सहा पोरी, आम्ही काय? 'आणि इतर'. मी इतर. शुभांगी इतर. त्याच दिवशी मी घरी येऊन ठरवलं, नाव नाही तर नाही, या गेममध्ये माझं एक माणूस ठेवून जाईन. कुणाला न विचारता. पुढच्या खेपेच्या डिस्कमध्ये नऊ नंबरची भिंत बदलली. मालकाला आजपर्यंत पत्ता नाही. आणि तू आलास, एक बटण दाबलंस.

जीवन : बटण नाय, तीन आठवडे लागले.

खुर्शीदा : मग तर अजूनच निर्लज्ज. जुनी सराई तरी आहे ना? जुन्या गेममध्ये तरी आहे ना सावली?

जीवन : त्यासाठीच तर आज आलो. ज्या कंपनीकडं आता गेमचा हक्क हाय, त्यांना माझा मॉड आवडला. ते तोच नवीन गेम म्हणून काढणार. शुक्रवारी फाइल द्यायची. आणि नवीन आला की जुना दुकानातून काढून टाकणार.

खुर्शीदा : म्हणजे शुक्रवारनंतर जे तू देशील तेच.

जीवन : हो.

खुर्शीदा : मग माझी सावली आहे तशी परत लाव. सगळ्या खोल्या तुझ्या, ती एक भिंत माझी.

जीवन : ठेवून बघितली, आपा. खोटं नाय बोलत. आता गेममध्ये सूर्य हलतो. दुपार होते, संध्याकाळ होते, ढग येतो. ढग आला की सगळ्या सावल्या जातात, ही एकटी भिंतीवर. संध्याकाळी सगळ्या लांब होतात, ही एकटी चारलाच अडकलेली. आमच्या शेडनेटमध्ये वाढलेला पोरगा हाय मी, सकाळचं ऊन अन् चारचं ऊन मला डोळे मिटून कळतं. ती चिकटवल्यासारखी दिसते. लोक हसतील तिला.

खुर्शीदा : हसू दे. राहू दे चारला. मला चारचीच पाहिजे.

निजाम : अठरा वर्षं चारच वाजलेत?

जीवन : हो चाचा. जुन्या गेममध्ये सूर्य हलतच नाय.

निजाम : म्हणजे मी तिथं बसलोय, आणि हिनं सांगितलंय हालू नका, आणि परत हाला म्हणायला कुणी आलंच नाय.

खुर्शीदा : अब्बा, ते चित्र आहे.

निजाम : कमर दुखती, खुर्शीद. अर्ध्या तासातच दुखली होती. तुला सांगितलं नाय.

खुर्शीदा : बसा इथं. ही उशी घ्या पाठीला.

निजाम : काय रे पोरा, ते माणूस बसवतो म्हणाला, ते कसं? मग तो दिसंल ना खेळणाऱ्याला?

जीवन : नाय. तशी सोय हाय. त्याला कॅमेऱ्यातून लपवता येतं. खेळणाऱ्याला दिसणार नाय, पण उजेडाला दिसतो. उजेड त्याला आपटतो, अडतो, मागं सावली पडते. सूर्य हलला की सावली पण हलते. त्याचा हात हलला की सावलीचा हात.

निजाम : धोटा फेकताना?

जीवन : फेकताना पण. तुम्ही दाखवलंत तर.

निजाम : आणि खेळणारा चालत चालत माझ्यावर आला तर?

जीवन : तुमच्यातून आरपार जाईल. किंवा... अडवू पण शकतो मी. काही नसताना धडकेल.

निजाम : अडव. मागावरचा ताणा, ते उभे ताणलेले धागे, ओलांडून जात नाय आमच्यात. बाजूनं जायचं. आमदार आला होता एकदा, त्याला पण बाजूनं धाडला.

जीवन : अडवतो. पोलंडवाला परत चाळीस मिनिटं बोलेल.

निजाम : बोलू दे. चल, कसं बसायचं ते बघून घे. खुर्शीद, हात दे.

खुर्शीदा : गुडघे?

निजाम : गुडघ्याला काय विचारायचंय. त्याला विचारलं तर नमाजला पण नाय म्हणतो.

(निजाम दाराच्या उंबऱ्यावर बसतात आणि पाय खालच्या पायरीवर सोडतात. बाहेर गल्ली, उतरतं ऊन.)

जीवन : असंच. असंच बसा. मी चारी बाजूंनी फोटो काढतो, मग त्यावरून आकार काढीन.

निजाम : हालू का नको?

जीवन : हाला. व्हिडिओ पण घेतो. धोटा फेका.

खुर्शीदा : अब्बा, खांदा. उजवा खांदा खाली असायचा तुमचा.

निजाम : म्हातारपणानं दोन्ही खाली हायेत आता.

खुर्शीदा : आणि मान अशी नाही. मान डावीकडे, थोडी. रेडिओ डावीकडे होता ना.

निजाम : रेडिओ. बरोबर. तो बिघडलेला होता, कान नेऊनच ऐकायला लागायचं.

जीवन : थांबा, म्हणजे सावलीची मान वाकडी हाय ती त्यामुळं? लोक म्हणतात फाशी दिलेला होता.

खुर्शीदा : रेडिओ रे, रेडिओ. शेतमालाचे बाजारभाव लागायचे. आमची शेती पण नव्हती.

निजाम : कुणाचं काय वाढलं ते माहीत पायजे माणसाला.

जीवन : आपा, तुम्ही जरा खिडकीकडनं बघा. त्यांची सावली आत भिंतीवर पडलीय. फाइलमधल्यासारखीच हाय का?

खुर्शीदा : आहे.

जीवन : सारखी?

खुर्शीदा : बारीक झालीय. घे तू फोटो. आणि सारखं विचारू नकोस.

जीवन : बरं. एक अजून. शेवटी नावं टाकायचीत. कंपनीनं विचारलंय. भाच्याचं काढता येणार नाय, पण 'आणि इतर' माझ्या हातात हाय. सहाच्या सहा नावं सांगा.

खुर्शीदा : शुभांगीचं आधी लिही. ती कधीच पुढं होत नाही. मग मीना, तबस्सुम, दोघी अरफा...

जीवन : दोघी?

खुर्शीदा : दोघी होत्या. एक लंबी अरफा, एक छोटी अरफा. आडनावं शुभांगीला विचार. मग माझं. आणि आता हे सगळं नीट लिहून घे, सावल्यांसारखं पुसू नकोस.

जीवन : नाय पुसणार. चाचांचं?

निजाम : माझं कशाला? मी कुठं रंगवलंय? मी आपला बसलोय.

जीवन : बरं मग शेवटचं विचारतो, आणि हे तुम्ही दोघांनी ठरवा. सूर्य. गेममध्ये तो सहाला बुडतो. बुडला की खोलीत अंधार, मग चाचांची सावली पण जाणार. आपांना चारची पायजे होती. पायजे तर मी तेवढ्या एका खोलीत सूर्य थांबवून ठेवतो. चोरी हाय, पण करतो. शुक्रवारपर्यंत कुणाला कळणार नाय.

निजाम : नको थांबवू. मी सहाला उठायचोच. अंधारात धागा दिसत नाय. आणि हिला कॉम्प्युटरच्या क्लासवरून आणायला जायचं असायचं. येवल्यात तेव्हा मुलीला एकटी येऊ देत नव्हते.

जीवन : मग आपा? थांबवू का हलू देऊ?

खुर्शीदा : हलू दे.

जीवन : सहाला बुडवतो मग.

खुर्शीदा : पावणेसहाला बुडव. क्लास सहाला सुटायचा.